उत्तरवयांतील विद्यार्थिदशा

'निवृत्ति' हा शब्द आपण हल्लीं पेन्शनीच्या कागदापुरताच ओळखतों. महिनाअखेरीस सत्कार होतो, शाल व श्रीफळ मिळतें, चार भाषणें होतात, आणि दुसऱ्या दिवसापासून मनुष्य निवृत्त झाला असें सर्वजण धरून चालतात. परंतु 'वृत्ति' या शब्दाला दोन अर्थ आहेत. वृत्ति म्हणजे उपजीविकेचें साधन, आणि वृत्ति म्हणजे मनाचा कल. सरकार किंवा संस्था आपणांस पहिल्या वृत्तींतून मोकळें करते. दुसरींतून मोकळें करण्याचा तिला अधिकार नाहीं आणि सामर्थ्यहि नाहीं. छत्तीस वर्षें मुलांना शिकविण्याकडे लागलेला मनाचा कल एका सायंकाळच्या समारंभानें कोठें जाणार? तो शालीबरोबर घरीं येतो.

एकत्र कुटुंबांत याचा परिणाम तत्काळ दिसूं लागतो. शिक्षक निवृत्त झाला कीं माजघरांत शाळा भरते. कारकून निवृत्त झाला कीं भाजीच्या हिशेबावर शेरे पडूं लागतात. आणि एखादा अधिकारी निवृत्त झाला म्हणजे सुनांना व नातवंडांना घरच्या घरींच कचेरी पाहावयास मिळते. यांत कोणाचा स्वभाव वाईट असतो असें नाहीं. ज्याची रोज कोणाला तरी गरज होती त्याची गरज एकाएकीं कोणालाच भासेनाशी होते, आणि ती आपणच उत्पन्न करावी असें त्याला नकळत वाटूं लागतें. घरांतील तरुण मंडळी हें सारें आदरानें सोसते. परंतु कोणी आपल्याला सोसणें आणि कोणाला आपण हवेसें वाटणें यांत मोठें अंतर आहे, आणि तें म्हाताऱ्या माणसाला कळल्यावांचून राहत नाहीं. उत्तरवयांतील दुःख शरीराचें असतेंच. पण या जाणिवेचें त्याहून अधिक असतें.

आपल्या शास्त्रकारांनीं या वयाचा विचार बारकाईनें केलेला आहे. अंगावर सुरकुत्या दिसूं लागल्या, केस पिकले आणि मुलाला मूल झालें कीं गृहस्थानें वनाचा आश्रय करावा, असें मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायांत सांगितलें आहे. आपल्याला त्यांतील 'वन' तेवढें आठवतें, आणि ती गोष्ट आतां कालबाह्य झाली असें म्हणून आपण पुढें जातों. पण त्याच अध्यायांतील पुढचे नियम पाहावे. पत्नीला मुलांच्या स्वाधीन करावें अथवा बरोबर न्यावें. घरचा अग्नि टाकून देऊं नये, तो बरोबर न्यावा. नित्य स्वाध्यायांत असावें. आणि देणारा व्हावें, घेणारा होऊं नये. सर्वसंगपरित्याग हा चौथ्या आश्रमाचा विषय आहे. तिसरा आश्रम अर्ध्या निवृत्तीचा: प्रपंचाचा भार खालीं ठेवावयाचा, पण अग्नि पेटता ठेवावयाचा. आज वन उरलें नाहीं. परंतु स्वाध्याय आणि दान हे दोन नियम उरले आहेत, आणि ते मालवणच्या किनाऱ्यावरील माडांच्या बागेंत बसूनहि पाळतां येतात.

या दोन नियमांचें आमच्या जिल्ह्यांतील ठळक उदाहरण म्हणजे पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर. त्यांचा जन्म १८६७ सालीं सावंतवाडीजवळच्या कोलगांव येथें झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकून ते चित्रकार झाले आणि हैदराबादेस व पुढें लाहोरास त्यांनीं याच कलेवर उपजीविका केली. १९१८ च्या सुमारास, पन्नाशी गांठल्यावर, ते औंध संस्थानांत येऊन राहिले आणि वेदांच्या अध्ययनाला व प्रकाशनाला त्यांनीं स्वतःला वाहून घेतलें. संस्थेला नांव दिलें तें 'स्वाध्याय मंडळ'. वेदसंहितांच्या शुद्ध आवृत्त्या, त्यांवरील सुबोध भाष्यें, घरबसल्या संस्कृत शिकूं इच्छिणाऱ्यांसाठीं पाठ, असें काम तेथें सुमारें तीस वर्षें चाललें. १९४८ सालीं औंध सोडावें लागलें तेव्हां त्यांचें वय ऐंशी वर्षांचें होतें. त्या वयांत त्यांनीं आजच्या गुजरातेंतील पारडी येथें मंडळ पुन्हां उभें केलें आणि आणखी वीस वर्षें काम केलें. १९६८ सालीं त्यांना पद्मभूषण मिळालें, आणि त्याच वर्षीं, वयाच्या एकशें पहिल्या वर्षीं, त्यांचें निधन झालें.

बाहेरून पाहणाऱ्याला कुंचल्याकडून वेदांकडे झालेला हा बदल आकस्मिक वाटेल. परंतु संस्कृताचे संस्कार त्यांच्यावर लहानपणींच झालेले होते. उत्तरवयांत मनाचा कल बदललासा दिसतो तेव्हां पुष्कळदां तें जुनेंच बीज असतें. धंद्याच्या सावलींत तें खुंटलेलें असतें आणि सावली सरली म्हणजे वर येतें.

दुसरें उदाहरण रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांचें. रत्नागिरी जिल्ह्यांतील गोविल गांवीं १८६५ सालीं ते जन्मले. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या पदरीं त्यांची सारी नोकरी झाली, आणि १९२५ सालीं, साठाव्या वर्षीं, ते तेथून निवृत्त झाले. त्यानंतर १९३० ते १९३४ या काळांत पुण्याच्या पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड त्यांच्या संपादनाखालीं बाहेर पडले. वयाची ऐंशी उलटल्यावर, १९४६ ते १९४८ मध्यें, त्यांचा मराठ्यांचा नवा इतिहास तीन इंग्रजी खंडांत प्रसिद्ध झाला. अण्णासाहेब कर्वे १९१४ सालीं फर्ग्युसन कॉलेजांतून निवृत्त झाले आणि १९१६ सालीं त्यांनीं महिला विद्यापीठ स्थापन केलें. तेव्हां त्यांचें वय अठ्ठावन्न होतें. आज महाराष्ट्रांतील शाळामास्तर ज्या वयांत शाल घेऊन घरीं येतो, तेंच वय.

थोरांचीं उदाहरणें वाचून सामान्य माणसाचा उत्साह कधीं वाढतो, तर कधीं खचतोहि. आपल्या हातून पंचेचाळीस खंड होणार नाहींत हें उघड आहे. म्हणून या थोरांच्या कार्याचा विस्तार बाजूस ठेवून त्याची रीत तेवढी पाहावी. त्यांनीं मिळविलेल्या मानावर बसून राहण्याऐवजीं पुढें शिकणें चालू ठेवलें. आणि शिकलें तें दुसऱ्याच्या हातीं देऊन टाकलें. ही रीत लहान मापावर आपल्यालाहि साधेल कीं नाहीं, एवढाच प्रश्न आहे. माझा अनुभव या बाबतींत सांगण्याजोगा वाटतो, म्हणून सांगतों.

मीं शाळेंत संस्कृत शिकविलें. निवृत्तीनंतरहि संस्कृतच वाचीत राहिलों असतों तर तें रमणीय झालें असतें. पण त्यांत स्वाध्यायापेक्षां उजळणी अधिक झाली असती. कोंकणांतील अनेक जुन्या घरांप्रमाणें आमच्याहि माळ्यावर एक पेटारा होता, आणि त्यांत मोडी कागदांचे, फडक्यांत बांधलेले रुमाल होते. ते वाचूं शकणारा आमच्या घरांतील शेवटचा मनुष्य म्हणजे माझे आजोबा. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळांतून मोडी शिकवीत. पुढें ती गेली आणि दोन पिढ्यांत घरचे कागद घरच्याच माणसांना परके झाले. साठाव्या वर्षीं मीं पाटी घेतली आणि मोडीचीं मुळाक्षरें गिरवूं लागलों.

आपण ज्या लिपींत लिहितों तिला पूर्वी 'बाळबोध' म्हणत. म्हणजे बाळांना बोध व्हावा अशी. मोडीशीं गांठ पडल्यावर या नांवाचा अर्थ पटतो. मोडींत आधीं पानभर आडव्या रेघा ओढावयाच्या, आणि मग लेखणी शक्य तों न उचलतां त्यांच्याखालीं अक्षराला अक्षर जोडीत जावयाचें. शब्द कोठें संपला हें लिहिणारा सांगत नाहीं. वाचणाऱ्यानें तें ओळखावयाचें. इकार-उकारांत ऱ्हस्वदीर्घाचा भेद बहुधा पाळलेला नसतो. ज्यानें आयुष्यभर ऱ्हस्वदीर्घापायीं तांबडी शाई खर्च केली, त्याला ही लिपि विनय शिकविते. शिवाय जुन्या दप्तरी कागदांत वर्षाचा आंकडा अरबी शब्दांनीं लिहिलेला असतो. 'इसन्ने सबैन मया व अलफ' म्हणजे दोन, सत्तर, शंभर आणि हजार मिळून ११७२. त्यांत ५९९ किंवा ६०० मिळविले कीं इसवी सन १७७१-७२ निघतो. अमरकोश पाठ असलेल्या माणसाला साठीनंतर अरबी अंक पाठ करावे लागले, आणि लहानपणीं पाढे म्हणतांना व्हावा तसा आनंद झाला.

या शाळेंत मला एक सहाध्यायी मिळाली, ती माझी नात. कागदाचें छायाचित्र ती फोनवर काढते आणि पुसट अक्षर हवें तेवढें मोठें करून दाखविते. मे महिन्याच्या एका सुटींत तिनें मुळाक्षरें आत्मसात् केलीं. एकदां ती मला म्हणाली, "आजोबा, हा शब्द तुम्हीं अर्थावरून वाचलात, अक्षरावरून वाचा बघूं." छत्तीस वर्षांत असा शेरा मीं पुष्कळांना दिला होता, आतां तो मला मिळाला, आणि योग्यच मिळाला. घरांतील लहान मुलाला शिकवीत बसण्यापेक्षां त्याच्या शेजारीं शिकत बसणें दोघांनाहि अधिक मानवतें.

मी मोडी वाचतों हें गांवांत कळल्यावर लोक आपले कागद घेऊन येऊं लागले. आमच्याच वाडींतील दोन भाऊबंदांच्या घरांत विहिरीकडे जाणाऱ्या वाटेवरून फार वर्षांचा अबोला आहे. त्यांपैकीं एका घरचे वडील मनुष्य एक कागद घेऊन आले. वाट आपल्याच हद्दींत आहे हें त्यावरून सिद्ध होईल अशी त्यांची खात्री होती. कागद वांटणीचा निघाला. दोघां सख्ख्या भावांनीं लिहून ठेवलें होतें कीं विहीर सामाईक राहील आणि तिची वाट दोन्हीं घरांना मोकळी राहील. खालीं दोघांच्या सह्या होत्या. साक्षीदारांपैकीं एकानें सहीच्या ठिकाणीं नांगराची निशाणी केली होती. मीं होतें तसें वाचून दाखविलें. गृहस्थ बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग त्यांनींच म्हटलें, "मास्तर, हें त्यांनाहि वाचून दाखवा."

पुढच्या रविवारीं दोन्ही घरचे वडील आमच्या पडवींत आले. कायद्यांत अशा कागदाची किंमत किती, तें वकील सांगतील. तो माझा विषय नव्हे. भांडण मिटलें असेंहि मी म्हणत नाहीं. कुंपणाची एक बाजू अद्याप तशीच आहे. परंतु आपल्या पणजोबांचीं नांवें एका कागदावर एकाखालीं एक लिहिलेलीं दोघांनीं एका जागीं बसून ऐकलीं, आणि त्याची बाळबोध नक्कल दोघांनींहि मागून नेली.

त्या दिवशीं मला निवृत्तीचा अर्थ अधिक स्पष्ट कळला. शाळेंत माझी गरज पदामुळें होती. मी गेलों आणि दुसरा आला. येथें गरज शिकलेल्या विद्येची आहे, आणि ती माझ्यापुरती नाहीं. पुण्याच्या पुराभिलेखागारांत मोडी कागद कोट्यवधि आहेत. २०२३ सालीं राज्यांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हां मोडी वाचणारांची उणीव सर्वांच्याच ध्यानांत आली. आणि दप्तरखान्यांतील कागदांना निदान कपाट असतें. घराघरांतील माळ्यांवरचे कागद कोंकणच्या पावसाच्या आणि वाळवीच्या स्वाधीन आहेत. दर पावसाळ्याला त्यांतील कांहीं कायमचे जातात.

आतां एक गोष्ट आम्हां पुरुषांना विशेषेंकरून सांगावयाची. निवृत्तीचा एवढा विचार आपण करतों तो स्वतःपुरता. घरांतील गृहिणीला निवृत्तीचें वय नाहीं, सत्कार नाहीं, पेन्शन नाहीं. अग्नि बरोबर न्यावा असें शास्त्र सांगतें. परंतु चुलीचा अग्नि आजवर कोणीं सांभाळला हें आपण विचारीत नाहीं. पति दिवसभर घरीं राहूं लागला म्हणजे तिचें काम बहुधा वाढतें: चहा दोनदां होता तो चारदां होतो. पुरुषाच्या अर्ध्या निवृत्तींतून पत्नीला चतुर्थांश तरी निवृत्ति मिळाली पाहिजे. आमच्या घरीं देवपूजेचीं फुलें आणणें आणि नारळ खोवणें हीं कामें आतां माझ्याकडे आहेत. सकाळची ती घटका मोकळी मिळाल्यापासून आमच्या घरांतल्या मंडळींनीं लग्नापूर्वी शिकलेली बाजाची पेटी पुन्हां काढली आहे. भाता जुना आहे आणि दोन सूर बोलत नाहींत. पण तोहि स्वाध्यायच आहे, आणि माझ्या मोडीपेक्षां ऐकणाऱ्याला अधिक गोड आहे.

ज्यांची निवृत्ति जवळ आली आहे त्यांना माझें सांगणें थोडक्यांत इतकेंच. ज्यांत आपण सर्वांत धाकटे विद्यार्थी ठरूं असा एखादा विषय निवडावा. त्याची वेळ ठरवून घ्यावी आणि ती शाळेच्या तासाप्रमाणें पाळावी. जें येऊं लागेल तें मागणाऱ्याला द्यावें, आणि त्याचा मोबदला घेऊं नये. निवृत्तिवेतन आहे तेवढें पुरें. मग तो विषय मोडी असो, आंब्याच्या कलमांची जोपासना असो, गांवच्या वाचनालयांतील पुस्तकांची यादी असो कीं आजाऱ्याला तालुक्याच्या दवाखान्यांत नेऊन आणणें असो. विषयाच्या थोरपणावर कांहीं अवलंबून नाहीं.

माझ्यापुढें सध्यां शेजारच्या वाडींतून आलेले तीन रुमाल आहेत. एकाला वाळवी लागलेली आहे, म्हणून तो प्रथम सोडला आहे. मृग लागण्यापूर्वी निदान तेवढा तरी वाचून उतरून काढावयाचा, असा आजोबा-नातीचा बेत आहे.