इमामसाहेबांची मशीद

नायजेरियात ख्रिस्ती लोक मारले गेल्याची बातमी आली की आम्ही घाईनं म्हणतो, "मारणारे आपले नव्हेत." परवा जुम्याच्या दिवशी जेवताना धाकटीनं विचारलं, "मग आपले कोण?"

अब्बांनी इमाम अब्दुल्लाही अबूबकर यांची हकिकत सांगितली. जून २०१८, प्लॅटो राज्य. बंदूकधारी ख्रिस्ती वस्त्यांवर तुटून पडले. ते फुलानी गुराखी होते असं म्हणतात, म्हणजे कलमा पढणारेच. ऐंशी ओलांडलेल्या इमामसाहेबांनी २६२ ख्रिस्ती मशिदीत आणि स्वतःच्या घरात लपवले, मारेकऱ्यांपुढे जमिनीवर पडून रडले, पण दार उघडलं नाही. त्या मशिदीची जागा पूर्वी ख्रिस्ती शेजाऱ्यांनीच फुकट दिलेली.

"आणि जे मशिदीपर्यंत पोहोचलेच नाहीत?" धाकटीनं विचारलं.

त्या रात्री इशानंतर आम्ही त्यांच्या मागे उरलेल्या मुलाबाळांसाठी दुआ मागितली. आधी कधी मागितली नव्हती.