आखीव कागदाची दोन पानं

रात्रीचे अकरा. आज मृत्युपत्राचा कच्चा खर्डा पुरा झाला. आखीव कागदाची दोन पानं. स्टँप पेपर लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे माझी सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात. मग वकील कशाला, असंच वाटत होतं.

पण दादांचा, म्हणजे वडिलांचा, कागद आठवला. तोही त्यांनी स्वतःच लिहिला होता, मोत्यासारख्या अक्षरात. ‘गावचं घर धाकट्याला.’ खाली साक्षीदाराची एकच सही. दुसरी राहूनच गेली. शिवाय घर वडिलोपार्जित, म्हणजे सगळंच्या सगळं देणं त्यांच्या हातात नव्हतंच. त्या एका ओळीपायी आम्ही दोघे भाऊ सहा वर्षं बोललो नाही. आईच्या वर्षश्राद्धालाही वेगवेगळ्या पंगतीला बसलो. दादांना हे कळलं असतं तर जेवण गेलं नसतं त्यांना.

म्हणून उद्या वकीलबाईंकडे जायचंय. सोसायटीत मुलाचं नाव नॉमिनी म्हणून लावलं, तेवढ्यानं तो फ्लॅटचा मालक होत नाही, हे त्यांनीच फोनवर सांगितलं. ‘यात न लिहिलेलं बाकी सगळं कोणाला?’ असंही विचारलं. माझ्या खर्ड्यात ते नव्हतंच.

भाषा त्यांनी खुशाल बदलावी. एक ओळ मात्र माझीच राहील: आईचं सागवानी पोळपाट सुनेला. मधोमध झिजून खोलगट झालंय ते.

साक्षीला वरच्या मजल्यावरचे डॉक्टर येतो म्हणालेत. माझ्याहून वीस वर्षांनी लहान आहेत, ते बरं.