रोकफोरच्या गुहा

फ्रान्सच्या दक्षिणेस, कोंबालू पर्वताच्या पोटांत, रोकफोर गांवच्या गुहा आहेत. खडकांच्या भेगांतून तेथें गार, दमट वारा वाहतो व मेंढीच्या दुधाच्या चीजवर निळी बुरशी वाढते. १९२५ च्या कायद्यानें रोकफोर हें नांव या गुहांत पिकविलेल्या चीजलाच राखून ठेविलें आहे. सायंकाळीं चिरंजीवांच्या फ्रेंच स्नेह्यांनीं त्यासोबत सोतेर्नची गोड द्राक्षमदिरा मांडली. तिचीं द्राक्षेंहि वेलीवर बुरशीमुळेंच आटून मधुर होतात. खारट व गोड यांचा हा संयोग तेथील रसिकांस फार प्रिय. मलाहि आग्रह झाला. परंतु दूध गोठविण्यास पशूच्या जठरांतील रस लागतो, हें गुहेंतच ऐकिलें होतें. म्हणून मीं पाव व अक्रोड तेवढे घेतले. यजमानांनीं राग मानिला नाहीं. चिरंजीवांनीं मात्र दोन्ही चाखलें. मी कांहीं बोललों नाहीं.