पंचाची पावलं

स्ट्रेट ड्राइव्ह सगळ्या मैदानाला सुंदर दिसतो. गोलंदाजाच्या टोकाला उभ्या असलेल्या पंचाला मात्र तो उशिरा दिसतो. नो-बॉलसाठी नजर गोलंदाजाच्या पुढच्या पायावर असते. तिथून ती उचलायची, चेंडू शोधायचा, टप्पा बघायचा, आणि एवढ्यात बॅटवरून सुटलेला चेंडू परत आलेला असतो. दीडशे ग्रॅमहून जड, कडक चामड्याचा.

आझाद मैदानावरच्या एका क्लब सामन्यात डावखुऱ्या सलामीवीराने असाच फटका छातीच्या उंचीवर मारला. फॉलो-थ्रूमधल्या गोलंदाजामुळे पंच म्हणून उभ्या असलेल्या मला चेंडू आधी दिसलाच नाही. गुडघे सैल होते, वजन चवड्यांवर होतं, म्हणून अंग बाजूला वळवता आलं आणि चेंडू बाहीला घासून गेला. पाठ मात्र फिरवली नाही. पंचगिरीला सुरुवात केली तेव्हाच एका ज्येष्ठ पंचांनी बजावलं होतं, "चेंडूला पाठ दाखवायची नाही. मान उघडी पडते, वर चेंडू कुठे गेला तेही कळत नाही."

धावबादच्या वेळी खरी परीक्षा पायांची. फटका मिडविकेटकडे गेला की मी यष्ट्यांमागून सहसा त्याच बाजूला तिरका पळतो, म्हणजे चेंडू, क्षेत्ररक्षक आणि यष्ट्या एकाच नजरेत राहतात. यष्ट्यांपुढे 1.22 मीटरवरची पॉपिंग क्रीज आडवी दिसेल अशा जागी पोचायचं आणि थांबायचं. पळता पळता दिलेल्या निर्णयावर माझा विश्वास नाही. डोकं हललं की रेषा हलते. क्षेत्ररक्षक जवळ आणि काटकोनात असेल, तर त्याची फेक आपल्याच अंगावरून जाणार, म्हणून अशा वेळी विरुद्ध बाजू धरायची. नॉन-स्ट्रायकरची वाट कापायची नाही. उलट्या पावलांनी तर कधीच पळायचं नाही. आपल्या मैदानांवर गोलंदाजांच्या बुटांनी पाडलेले खड्डे असतात, आणि पाठीवर पडलेला पंच पुढची फेक चुकवू शकत नाही.

स्क्वेअर लेगला निवांत असतं असं पुष्कळांना वाटतं. डिसेंबर 2016मध्ये वानखेडेवर भारत-इंग्लंड कसोटीत पंच पॉल रायफल तिथेच उभे होते. भुवनेश्वर कुमारने सीमेजवळून केलेली फेक त्यांच्या डोक्याला मागून लागली. त्यांना मैदान सोडावं लागलं आणि त्यांच्या जागी मराय इरॅस्मस आले. रायफल म्हणजे एकेकाळी ऑस्ट्रेलियाकडून वेगवान गोलंदाजी केलेला माणूस. चेंडूची त्याला कमी ओळख होती का? तेव्हापासून चेंडू मृत होईपर्यंत मी त्याच्यावरून नजर काढत नाही, फेक साधी, आळसावलेली असली तरी. संध्याकाळचं ऊन डोळ्यांत येऊ लागलं की क्षेत्ररक्षण करणारा कर्णधार, फलंदाज आणि सहकारी पंच यांना सांगून पॉइंटकडे जातो. नियम तशी मुभा देतो.

मुंबईत आणखी एक गोष्ट आहे. इथे एका मैदानात अनेक सामने एकमेकांत शिरलेले असतात. जानेवारी 2024मध्ये माटुंग्याच्या दादकर मैदानावर शेजारच्या सामन्यातला चेंडू डोक्याला लागून एक क्षेत्ररक्षक दगावला. तो आपल्या सामन्यात मन लावून खेळत होता, एवढंच. सामन्याआधी आता मी शेजारच्या खेळपट्टीच्या पंचांना भेटतो. तिकडून चेंडू आला की दोघांनीही मोठ्याने हाक द्यायची, हे आमचं ठरलेलं असतं.

आणि तरीही पावलं नेहमी पुरी पडत नाहीत. नोव्हेंबर 2014मध्ये इस्रायलमधल्या अश्दोदला हिलेल आवसकर पंच म्हणून उभे होते. आडनाव वाचून मी थबकलो होतो, ते आपल्या कोकणातलं. इस्रायलच्या राष्ट्रीय संघाचे ते माजी कर्णधार. जोरात मारलेला चेंडू गोलंदाजाच्या टोकाच्या यष्ट्यांवर आदळून उडाला आणि त्यांना लागला. ते वाचले नाहीत. यष्ट्यांवरून दिशा बदललेल्या चेंडूला कोण चुकवणार?

म्हणून हेल्मेटला भित्रेपणा म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. रणजी सामन्यात डोक्याला चेंडू लागल्यावर पंच जॉन वॉर्ड जानेवारी 2016मध्ये कॅनबेराच्या एकदिवसीय सामन्यात हेल्मेट घालून उभे राहिले. पंच ब्रूस ऑक्सनफर्ड हातावर ढाल बांधायचे. आपल्या क्लब सामन्यांत मानधनासोबत पंचाला हेल्मेट मिळत नाही, आणि मागितलं की संयोजक हसतात. मी मागतच राहतो. न मिळाल्यास स्वतःचं घालतो, आणि सोबतच्या तरुण पंचालाही घालायला लावतो.