पायी बोललेला नवस

आमच्या परभणीला चढ म्हणाल तर रेल्वेच्या उड्डाणपुलाचा. बाकी सगळी काळी, सपाट जमीन. त्यामुळे वन्संनी जेव्हा "मला दौलताबादहून खुलताबादेला पायी जायचंय" असं सांगितलं, तेव्हा घरात सगळेच गप्प झाले.

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. गेल्या वर्षी त्यांचे यजमान गेले, तेव्हापासून त्या आमच्याकडेच असतात. दोन खोल्यांचं घर, त्यात मुलं, त्यात माझ्या शाळेच्या तपासायच्या वह्या. खोटं कशाला बोलू, मनात कुरकूर होतीच. रोज पहाटे चारला उठून त्या भांडी घासायला बसत आणि माझी झोप मोडत असे.

यजमान दवाखान्यात असताना त्यांनी भद्रा मारुतीला नवस बोलला होता, 'हे बरे झाले तर पायी दर्शनाला येईन.' ते काही बरे झाले नाहीत.

"मग फेडायचं काय त्यात?" सासूबाई म्हणाल्या. "देवानं ऐकलंच नाही."

"मला जायचंय," वन्सं एवढंच म्हणाल्या.

"तूच जा त्यांच्या सोबतीला," इति आमचे हे. शाळेत एक दिवसाची रजा टाकली आणि नाखुशीनेच निघाले.

श्रावणातल्या शनिवारी आणि हनुमान जयंतीला त्या रस्त्याने माणसांची रीघ लागते, रात्रभर लोक चालत असतात. ती गर्दी नको म्हणून आम्ही डिसेंबरातला शनिवार धरला. आदल्या रात्री छत्रपती संभाजीनगरला मावसबहिणीकडे मुक्काम केला आणि सकाळच्या एस.टी.ने दौलताबादला उतरलो. पिशवीत धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि दोन बाटल्या पाणी.

सातवीच्या वर्गाला मी नऊ वर्षं देवगिरी शिकवते आहे. यादवांची राजधानी, १२९६ ची अल्लाउद्दीन खिलजीची स्वारी, १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकाने दिल्लीहून इथे हलवलेली राजधानी. सनावळी तोंडपाठ. पण किल्ला मागे टाकून चालू लागल्यावर वन्संनी विचारलं, "दिल्लीची माणसं इथवर आली ती बायकापोरं घेऊनच ना गं?"

"हो. हुकूमच होता."

"त्यांनी तरी कुठं नवस बोलला होता!"

इतक्या वर्षांत माझ्या वर्गात कुणी असं म्हटलं नव्हतं.

वाटेत कागजीपुरा लागतो. तुघलकाच्या काळापासून इथे हातकागद तयार होतो असं सांगतात. पुढे घाट. रस्ता डांबरी असला तरी चढ तो चढच. सीताफळाचा हंगाम सरलेला, झाडं नुसती काटक्यांसारखी उभी. वन्संचे गुडघे दुखू लागले तसं एका झाडाखाली बसलो आणि धपाटे सोडले. खाली किल्ल्याचा डोंगर उपड्या वाटीसारखा दिसत होता.

वन्संनी एक घास मोडला आणि तसाच हातात धरून ठेवला.

"मी देवाशी घासाघीस केली गं," त्या म्हणाल्या. "आधी म्हटलं, अनवाणी येईन. मग गुडघे आठवले. म्हटलं, चपला घालून येईन. तेवढंही माझ्याच्यानं निभलं नाही. म्हणून तर नाही ना गेले हे?"

चौदा महिने ही बाई हे पोटात ठेवून माझ्या घरात वावरत होती! आणि मी त्यांना काय सांगत होते? 'विसरा आता वन्सं, मन रमवा.'

"पहाटे चारला गेले," त्या पुढे म्हणाल्या. "त्या वेळेला अंथरुणात पडवतच नाही. म्हणून उठते."

माझ्याजवळ बोलायला काही नव्हतं. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. बराच वेळ आम्ही तशाच बसलो.

खुलताबाद सुफी संतांच्या दर्ग्यांचं गाव. मलिक अंबरचा मकबरा इथला आणि १७०७ साली वारलेल्या औरंगजेबाची कबरही इथलीच. पण वन्संना ओढ होती मारुतीची. देवळाबाहेर त्यांनी चपला काढल्या, हात जोडले आणि बघतच राहिल्या. भद्रा मारुतीची मूर्ती उभी नाही, आडवी आहे. निद्रिस्त मारुती.

"निजलाय बघ," वन्सं हळूच म्हणाल्या. मग त्यांच्या चेहऱ्यावर चौदा महिन्यांनी पहिल्यांदा हसू आलं. "मग चपला होत्या की नव्हत्या, हे कुठलं कळायला त्याला!"

हसता हसता त्या रडल्या. पुजाऱ्याने प्रसाद दिला, तो त्यांनी आधी माझ्या हातावर ठेवला.

तिथून वेरूळ चार-पाच किलोमीटर, उताराची वाट. अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केलेल्या घृष्णेश्वराचं दर्शन घेतलं. वरून खाली कोरत आणलेलं कैलास लेणं पाहिलं, तोवर उन्हं कलली होती. परतीच्या गाडीत वन्सं माझ्या खांद्यावर डोकं टेकून गाढ झोपल्या.

मैत्रिणींनो, तुम्हाला ही वाट चालायची असेल तर सकाळी लवकर निघा, घाटात सावली कमी आहे. रस्त्याच्या कडेने चाला, वाहनं जोरात येतात. नव्या चपला घालू नका, रुळलेल्याच घाला. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात. आणि सोबत घरातलं एखादं माणूस न्या. घरात वर्षानुवर्षं न निघालेलं बोलणं वाटेत निघतं.

परतल्यावर चौथ्या दिवशी पहाटे चारला पुन्हा भांडी वाजली. मी उठले, गॅस पेटवला आणि दोघींचा चहा टाकला.