वाफ आणि व्यर्थ



शाळेत मुले ज्याला बाष्पीभवन म्हणतात, त्याला आपल्या घरात किती शब्द आहेत पाहा. तळे आटते, धुणे वाळते, ओठ सुकतात, अत्तर उडते, धुके विरते. जमिनीत पाणी जिरते ते मात्र वेगळे; ते वर जात नाही.

‘बाष्प’ या संस्कृत शब्दाचे दोन अर्थ आहेत, वाफ आणि अश्रू. आपली ‘वाफ’ त्याच शब्दातून आलेली.

हे सांगण्याचे कारण असे. याकोब आपल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात माणसाच्या आयुष्याला वाफेची उपमा देतो. मृतांच्या महिन्यानिमित्त आम्ही तो भाग धर्मशिक्षणाच्या वर्गात घेतला, तेव्हा एका मुलीने विचारले, “म्हणजे आमच्या आजोबांचे काहीच उरले नाही?” आजोबांना जाऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता.

उपदेशकाच्या पुस्तकात आपण ‘व्यर्थ’ हा शब्द पुन्हा पुन्हा वाचतो. मूळ हिब्रू शब्द आहे ‘हेवेल’, म्हणजे श्वास, वाफ. हाबेलाचे हिब्रू नावही हेच! भावाच्या हातून तो अकाली गेला, पण त्याचे अर्पण देवाला मान्य झाले होते. म्हणजे वाफ असणे आणि फुकट जाणे एक नव्हे, असे आम्हांला वाटते.

मुलांना मात्र आम्ही कुंद्याचे उदाहरण दिले. बेळगावात ते लगेच समजते. दूध ढवळत ढवळत आटवायचे. कढईतले कमी होते, पण जे राहते ते दाट होते. (वर्ग संपल्यावर कुंदा कुठे, हा प्रश्न अर्थातच आला.) मग माठ. पाण्याची वाफ व्हायला उकळी लागत नाही. माठाच्या अंगातून झिरपलेले पाणी गुपचूप उडते, जाताना उष्णता घेऊन जाते आणि आतले पाणी गार होते. गोव्याच्या मिठागरांत भरतीचे पाणी उन्हात सोडतात. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात, पाणी गेल्यावर ते मागे राहतात.

आणि गेलेले पाणी? वाफ हवेत सरासरी नऊ-दहा दिवस असते, मग कुठेतरी पाऊस होऊन पडते. अरबी समुद्रावरून आलेली खानापूरच्या रानात कोसळते, म्हादईतून गोव्याकडे वाहते आणि मांडवी होऊन पुन्हा समुद्राला मिळते. त्याच तालुक्यात उगम पावणारी मलप्रभा मात्र पूर्वेला जाते.

एक गोष्ट आम्ही मुलांना स्पष्ट सांगितली. पुनरुत्थान म्हणजे जलचक्र नव्हे. पाणी निसर्गनियमाने परतते. आपल्या माणसांना प्रभू येशू नावाने हाक मारून उठवील, अशी आपली श्रद्धा आहे. त्या मुलीला आजोबा हवे आहेत, पाऊस नको.

2 नोव्हेंबरला मिस्सानंतर दफनभूमीत कबरींना आशीर्वाद दिला जाईल. आपल्या गेलेल्या माणसाची मागे राहिलेली एखादी सवय किंवा शिकवण कागदावर लिहून आणायला मुलांना सांगितले आहे. ती मुलगी आजोबांची चटणीची कृती आणणार आहे, मिठाच्या अंदाजासकट. मोठ्यांनीही काही आणले तर चालेल.