शांत सुट्टी हवी, पण कुठे? समुद्र, रण की डोंगर

बडोद्यातल्या आपल्या बहुतेक घरांत आता एक मूल पुण्याला, एक बंगळुरूला किंवा परदेशात असतं. आई-बाबा सत्तरीला टेकलेले असतात. वर्षातून एकदा सगळ्यांच्या रजा जुळतात आणि हाती चार-पाच दिवस लागतात. पूर्वी अशा दिवसांत अष्टविनायक, गाणगापूर किंवा काशी व्हायची. आता मुलं म्हणतात, "या वेळी धावपळ नको, एखाद्या चांगल्या रिसॉर्टवर निवांत राहू." आई-बाबा विचारतात, "एवढे पैसे नुसतं बसायला?"

प्रश्न रास्त आहे. शांतता महाग असते आणि पैसे मोजूनही ती मिळेलच असं नाही. म्हणून ठिकाण निवडण्याआधी थोडा हिशेब करू.

समुद्र: काणकोण, दक्षिण गोवा

गोवा म्हटलं की डोळ्यांपुढे कळंगुट-बागा येतं. शांतता हवी असेल तर थेट दक्षिणेला काणकोण तालुक्यात जावं. पाळोळ्याला वर्दळ असते, पण आगोंद आणि गालजीबाग अजून निवांत आहेत. या दोन्ही किनाऱ्यांवर थंडीच्या दिवसांत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. वनखातं घरट्यांभोवती कुंपण घालतं. रात्री वाळूवर दिवे आणि गोंगाट नको, हा तिथला नियम कासवांसाठी आहे, पण आपल्यालाही तो मानवतो.

आई-बाबांसाठी समुद्र सर्वांत सोपा. चढ नाही, थंडी नाही, सकाळ-संध्याकाळ सपाट वाळूवर फिरणं. बडोद्याहून मडगावला थेट गाड्या आहेत. विमानाने जायचं तर दाबोळीचं तिकीट पाहा. मोपा उत्तर टोकाला आहे आणि काणकोण दक्षिण टोकाला, त्यामुळे स्वस्त तिकिटातले वाचलेले पैसे टॅक्सीत जातात. नाताळ ते नववर्ष हा आठवडा टाळा. पावसाळ्यात खोल्या स्वस्त असतात आणि हिरवाई देखणी असते, पण समुद्रात उतरता येत नाही. जाहिरातीतल्या 'खासगी किनाऱ्या'ला भुलू नका. रिसॉर्टची बाग त्यांची असते, समोरची वाळू सगळ्यांची.

रण: कच्छ

कच्छ आपल्या दाराशी आहे. सयाजीनगरी एक्सप्रेसमध्ये रात्री झोपलं की सकाळी भुज. तिथून धोरडो सुमारे ८० किलोमीटर. २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेने धोरडोची जगातल्या उत्तम पर्यटन गावांत निवड केली. पावसाळ्यात पांढऱ्या रणात पाणी असतं. ते आटून मिठाचा थर उघडा पडायला नोव्हेंबर-डिसेंबर उजाडतो.

पण रणोत्सव म्हणजे शांतता नव्हे. तंबूनगरीत सोयी उत्तम, आणि तितकीच गर्दी, गाणी, कार्यक्रम. पौर्णिमेला तर जत्राच असते. शांतता हवी तर पौर्णिमा आणि शनिवार-रविवार सोडून जा आणि होडको गावाजवळ भुंग्यात राहा. भुंगा म्हणजे मातीचं गोल घर. २००१ च्या भूकंपात पक्की घरं कोसळली, पण असे बरेच भुंगे टिकले, कारण गोल भिंतीत धक्का एका कोपऱ्यावर येत नाही. होडकोला गावकऱ्यांनीच चालवलेलं निवासस्थान आहे, म्हणजे आपले पैसे गावातच राहतात. अमावास्येच्या आसपास इथे आकाश इतकं भरलेलं दिसतं की नातवंडं आपणहून मोबाइल खाली ठेवतात.

वाटेत भिरंडियाराचा मावा खा. निरोणाला रोगन कला आणि तांब्याच्या घंटा, भुजोडीला विणकाम पाहा. पांढऱ्या रणासाठी परवाना लागतो, ओळखपत्रं जवळ ठेवा. जानेवारीत रात्री कडाक्याची थंडी पडते, तेव्हा आईची शाल आणि बाबांची कानटोपी विसरू नका.

डोंगर: कुमाऊँ

अल्मोड्याजवळचं बिनसर अभयारण्य सुमारे २,४०० मीटर उंचीवर आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या स्वच्छ सकाळी तिथून त्रिशूळ, नंदादेवी, पंचचुली अशी बर्फाची रांग दिसते. बांज आणि बुरांशाच्या जंगलात पक्ष्यांखेरीज आवाज नसतो. मे महिन्यात मात्र धूसर हवेमुळे शिखरं दिसत नाहीत आणि चीडाच्या वाळक्या पानांमुळे वणव्यांची भीती असते. म्हणजे शाळेच्या सुट्टीत जाल तर जे पाहायला गेलात तेच दिसणार नाही.

दुसरी अडचण वेळेची. दिल्लीला गाडी बदलून काठगोदाम, पुढे घाटातून चार-पाच तास. पाच दिवसांतले दोन प्रवासातच संपतात. शिवाय डोंगरातल्या निवासांना पायऱ्या असतातच. लेह तर ३,५०० मीटरवर. पहिले एक-दोन दिवस नुसतं पडून राहावं लागतं, आणि हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघूच नये.

बुकिंगआधी एक फोन

फोटोंवर विसंबू नका, थेट रिसॉर्टला फोन करा. आपल्या तारखांना लॉनवर लग्न आहे का, हे पहिलं विचारा. कितीही तारे असोत, वरातीचा डीजे खोलीत ऐकू येतोच. मग विचारा: खोलीपर्यंत पायऱ्या किती? तळमजल्याची खोली मिळेल का? जवळचं रुग्णालय किती अंतरावर आहे? भाड्यात फक्त नाश्ता आहे की दोन्ही वेळचं जेवण? खोलीचं भाडं रात्रीला ७,५०० रुपयांच्या वर गेलं की १८ टक्के जीएसटी लागतो, तोही मिळवून हिशेब करा. दूरच्या रिसॉर्टवर बाहेर जेवायची सोय नसते, त्यामुळे स्वस्त वाटलेली खोली जेवणाच्या बिलात महाग पडते.

आमचं मत

गुडघे दुखत असतील किंवा घरात तान्हं मूल असेल तर काणकोण. आठ-नऊ दिवस हाताशी असतील आणि सगळ्यांच्या पायांत बळ असेल तर कुमाऊँ, तेही लवकर, कारण दरवर्षी "पुढच्या वर्षी" म्हणत राहिलं की पायऱ्या चढणारे कमी होतात. पण चार दिवसच असतील तर बडोदेकरांनी कच्छ निवडावं. एका रात्रीत पोहोचता येतं, बोली समजते आणि खर्च आवाक्यात राहतो.

आणि आई-बाबांच्या प्रश्नाचं उत्तर? पैसे नुसतं बसायलाच द्यायचे आहेत. घरी आई सतत स्वयंपाकघरात आणि मुलं लॅपटॉपपुढे असतात. दुसऱ्याने केलेला चहा हातात घेऊन सगळे एका ओसरीवर तासभर बसले, तर ते भाडं वसूल झालं असं खुशाल समजावं.